फुली वरच राहू दे

मित्रांनो, मी एक जुना फ्रीज आहे. पण माझ्यात पाण्याची बाटली ठेवलीत, तर संध्याकाळी ती कोमट होऊन निघेल. हसू नका. गारव्यासाठी जन्मलेल्या मला म्हातारपणी ऊब देण्याचे काम मिळाले, आणि जेव्हा त्या उबेची खरी गरज पडली, नेमका तेव्हाच मी गार पडलो.

माझा जन्म मेलबर्नच्या एका कारखान्यात झाला. पांढरा पत्रा, पत्र्याच्या आत बोटभर जाड फोम आणि पुढे काचेचे दार. उंचीने मी माणसाच्या कमरेइतका. शहराच्या पूर्वेला डोंगरात, निलगिरीच्या उंच झाडांना लागून, ट्यूलिप पिकवणाऱ्यांची शेते आहेत. त्यांतल्या एका शेताच्या फाटकाशी फुलांची टपरी होती, तिथे मला आणून ठेवले. शेत हॅनीच्या वडिलांचे. ते हॉलंडहून येताना कंदांनी भरलेली पेटी घेऊन आले होते. हॅनी तेव्हा तरुण होती. ती रोज फुलांच्या जुड्या बांधून माझ्यात उभ्या रचायची, आणि येणारी-जाणारी मुले माझ्या काचेला नाक लावून लाल-पिवळी फुले पाहायची. काचेवर नाकांचे ठसे उमटत. हॅनी ते पुसताना कुरकुर करायची. पण मला ते ठसे आवडायचे.

एकदा माझा आवाज बिघडला, तेव्हा मला दुरुस्त करायला रेग नावाचा एक लांबुडका माणूस आला. फ्रीज दुरुस्त करणे हाच त्याचा धंदा. तासाभराचे काम त्याने दिवसभर पुरवले, आणि पुढच्या वसंतात हॅनीशी लग्न केले. त्यामुळे या घरात माझा थोडा मान होता.

मान असला तरी वय कोणाला चुकले आहे? गॅस गळून गेला, कॉम्प्रेसर बसला आणि टपरीत नवा फ्रीज आला. मला मागच्या पडवीत ठेवले. दार निखळून बाजूला टेकवून ठेवले होते. वारा येई, पालापाचोळा येई, आणि मग हॅनीच्या कोंबड्या येऊ लागल्या. माझ्या तळाशी गवत ओढून त्या अंडी घालू लागल्या. तेव्हा मला याचा अपमान वाटला होता. आज वाटत नाही.

रेगने म्हातारपणी एक नाद लावून घेतला. तो ठिपक्यांचे लहान अजगर पाळू लागला. अजगर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे शेळी गिळणारे धूड येईल. हे तसे नव्हेत. पूर्ण वाढलेली मादी लांबीला जेमतेम मीटरभर, आणि जाडीला खराट्याच्या दांड्याहून थोडी अधिक. आमच्या राज्यात परवाना काढून ते घरात पाळता येतात. रेगच्या मादीचे नाव होते मेबल. मेबल रेगच्या मनगटाला वेढा घालून बसायची आणि तो तिला दिवसभराच्या बातम्या सांगायचा.

हॅनीला मात्र सापाचे नाव काढले तरी शहारे येत. मागच्या खोलीत ती पाऊल टाकत नसे. त्यात भर म्हणजे मेबलचे खाणे, गोठवलेले उंदीर, स्वयंपाकघरातल्या फ्रीजमध्ये वाटाण्यांच्या पिशवीशेजारी असायचे.

“परवा सुपात उंदीरच पडायचा होता,” ती ओरडायची. “मी चष्मा लावला होता म्हणून वाचलास!”

“पडला असता तर काय झालं असतं?” रेग म्हणायचा. “तुझ्या हातच्या सुपात कशालाही चव येते.”

“चल, हो बाजूला! तू आणि तुझी ती मेबल.”

मेबलला अंडी होणार असे दिसताच रेगला माझी आठवण झाली. त्याने मला पडवीतून आत आणले, कोंबड्यांची घाण खरवडून काढली, मेलेला कॉम्प्रेसर बाहेर काढला आणि निखळलेले काचेचे दार पुन्हा बसवले. मग आत एक तापणारी तार फिरवली, छोटा पंखा लावला आणि उष्णता एकतीस अंशांवर धरून ठेवणारे यंत्र बसवले. फ्रीज गार राहतो तो भिंतींच्या जोरावर. आणि गारवा धरणारी भिंत ऊबही धरते. “बघ गड्या,” माझ्या पाठीवर थाप मारून रेग म्हणाला, “तू तोच आहेस. फक्त काम उलटं झालंय.”

पहिल्या वर्षीची अंडी बुरशी लागून गेली, ओल जास्त झाली होती. पुढच्या वर्षी मेबलने अंडी घातलीच नाहीत. तिसऱ्या वर्षी तिने नऊ घातली. तिचे वय झाले होते. ही शेवटचीच, असे रेग म्हणाला. त्याने तिचा वेढा हळूच सोडवला, अंड्यांचा वास जावा आणि तिने पुन्हा खायला लागावे म्हणून तिला कोमट पाण्याने धुतले, आणि ती पांढरी, चामड्यासारख्या सालीची अंडी एका डब्यात ओलसर भुशावर तीन-तीनच्या ओळींत मांडली. मांडताना प्रत्येक अंड्याच्या माथ्यावर पेन्सिलने एक बारीक फुली काढली. मग डबा माझ्या पोटात ठेवला.

मित्रांनो, त्या फुलीकडे लक्ष द्या. पुढचे सारे त्या फुलीमुळेच झाले.

काही दिवसांतच रेगच्या छातीत कळ आली. त्याला शहरातल्या इस्पितळात नेले, आणि हृदयाची शस्त्रक्रिया ठरली. जाताना त्याने दारातून हॅनीला एवढेच सांगितले, “आकडा एकतीस आहे ना, तेवढं बघत जा. आणि फ्रीजमधल्या वाटीत पाणी. बाकी काही नको.”

हॅनी पहिल्यांदा मागच्या खोलीत आली ती भिंतीला पाठ लावून. मेबलच्या पेटीकडे न बघता ती माझ्यापर्यंत पोहोचली, आकडा वाचला आणि पळाली. दुसऱ्या दिवशी थोडी रेंगाळली. मग रोज खुर्ची ओढून माझ्यासमोर बसू लागली. घर रिकामे होते, आणि माझ्या पंख्याची घरघर तेवढी चालू असायची. काचेतून ती अंड्यांकडे पाहत राहायची, आणि तिच्या मनात काय चालले आहे ते मला कळत नसे.

रेगच्या शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी सकाळपासून वारा सुटला होता. हॅनी आली, आणि या वेळी तिने माझे दार उघडून डबा बाहेर घेतला. तिची नजर फुल्यांवर गेली. ती स्वतःशीच म्हणाली, “अरे देवा. हा माणूस मुख्य तेच सांगायला विसरला.”

कोंबडीची अंडी यंत्रात उबवायची असतील, तर ती रोज फिरवावी लागतात. न फिरवलेले पिल्लू सालीला चिकटून मरते. हॅनीच्या आईने तिला लहानपणीच शिकवले होते: एका अंगाला फुली, दुसऱ्या अंगाला गोल, सकाळी फुली वर, संध्याकाळी गोल वर. फुली दिसली की अंडे उलटायचे, हे तिच्या बोटांत मुरलेले होते.

पण कोंबडीच्या अंड्यात बलक दोन पीळदार दोऱ्यांनी मधोमध टांगलेला असतो. अंडे कसेही फिरवा, पिल्लू वरच्या अंगालाच राहते. सापाच्या अंड्यात त्या दोऱ्या नसतात. पिल्लू वरच्या सालीला आतून धरून वाढते. अंडे उलटले की ते खाली जाते, आणि सगळा बलक त्याच्यावर येतो. रेगच्या फुलीचा अर्थ होता: ही बाजू कायम वर. मला ते माहीत होते. मी शंभरदा ऐकले होते. पण मित्रांनो, मला तोंड नाही. मी फक्त घरघरत राहिलो.

तिने पुढच्या ओळीतली तीन अंडी उलटली. किती हळुवार हात होता तो! चौथ्या अंड्याला बोट लागले, एवढ्यात फोन वाजला. डबा माझ्यात ठेवून तिने फोन घेतला.

“कसा आहेस रे?”

“उद्या सकाळी पहिला नंबर आहे माझा.” रेगचा आवाज फोनमधून मला स्पष्ट येत होता. “जेवायला काही देत नाहीत मेले. अंडी कशी आहेत?”

“मस्त. तू सांगायचंच विसरलास बघ. बरं झालं, मला माहीत होतं. आत्ताच फिरवायला घेतलीत.”

पलीकडून रेगचा आवाज चढला.

“काय घेतलीत?”

“फिरवायला. पुढची तीन झाली…”

“हॅनी! कोणी सांगितलं होतं हात लावायला? ती काय कोंबडीची आहेत? मारलीस तू ती! अगं, एक काम दिलं होतं तुला, नुसतं बघायचं…”

तेवढ्यात डोंगरावर कुठेतरी प्रचंड कडकडाट झाला. फोन मुका झाला. दिवा गेला. माझा पंखा दोन-तीन गिरक्या घेऊन थांबला.

“रेग?” ती म्हणाली. “रेग, ऐक ना. रेग?”

झाडे एकामागून एक पडत होती. शंभर-शंभर फुटी निलगिरी विजेच्या तारांवर, रस्त्यांवर, छपरांवर आडव्या होत होत्या. एका फांदीने आमचे धुराडे मोडले, म्हणजे लाकडाची शेगडीही गेली. दुपारी शेजारचा डॅरिल कंबरेएवढ्या फांद्या कापत-कापत आमच्या दारात पोहोचला. हातात करवतयंत्र, अंगभर भुसा.

“जिवंत आहेस ना गं?”

“मला शहरात जायचंय. उद्या त्याचं ऑपरेशन आहे.”

“शहरात? मला माझ्या गोठ्यापर्यंत जाता येईना. खालचा पूल झाडांनी भरलाय. फोनचा मनोराही पडला.”

“मग तुझा जनरेटर दे. अंडी गार पडतील.”

डॅरिलने टोपी काढून डोके खाजवले. “तो खाली म्हाताऱ्या मिसेस ओ’डाउडकडे लावलाय. तिचं ऑक्सिजनचं मशीन आहे. सापाच्या अंड्यांसाठी तो काढून आणू का, सांग.”

हॅनीने नकारार्थी मान हलवली.

मित्रांनो, आमच्या डोंगरात वसंतातही असा गारठा पडतो की गवतावर पांढरी साय धरते. यंत्राचा आकडा विजेबरोबरच विझला, म्हणून हॅनीने डब्याशेजारी एक छोटे थर्मामीटर ठेवले. माझ्या भिंतींनी शक्य होते तेवढे केले. एकतीस, तीस, एकोणतीस. आकडा खाली येताना मी पाहत होतो आणि एक-एक अंश धरून ठेवायचा प्रयत्न करत होतो. पण धरून ठेवणे वेगळे आणि ऊब निर्माण करणे वेगळे. माझी स्वतःची ऊब कधीच नव्हती. ती तारेतून येत होती. हे मला त्या दिवशी कळले.

हॅनीने सहलीचा छोटा गॅस काढला. पाणी तापवून रबरी पिशवी भरून माझ्यात ठेवली. आकडा झरझर वर गेला, तेहतीस, चौतीस, पस्तीस. तिने घाईने पिशवी काढली, दार उघडून वर्तमानपत्राने वारा घातला. मग तो पुन्हा घसरला, पंचवीस. पुन्हा पिशवी. पुन्हा वर, पुन्हा खाली. पिशवी नसली तर अंडी गारठणार, असली तर शिजणार. ती सारखी धावत होती, आणि धावताना तोंडाने एकच पुटपुटत होती, “नुसतं बघायचं होतं. नुसतं बघायचं होतं.”

दुसऱ्या दिवशी गॅस संपला. तिने टाकी हलवून पाहिली, कान लावून पाहिला. मग माझ्या काचेला कपाळ टेकले. इतक्या वर्षांत त्या काचेवर मुलांची नाके टेकली होती, रडणारे कपाळ कधी टेकले नव्हते.

“एव्हाना कापला असेल त्याला,” ती मला म्हणाली. “आणि त्याने शेवटचं काय ऐकलं माझ्याकडून? काय करू रे मी? सांग की! तूच सांग!”

माझा पंखासुद्धा हलत नव्हता.

आकडा तेवीसवर आला. तिने ते थर्मामीटर काढून निराशेने लोकरी जाकिटाच्या आत, पोटाजवळच्या खिशात कोंबले आणि जमिनीवर बसून राहिली. बराच वेळ तशीच बसली. मग डोळे पुसायला रुमाल काढताना थर्मामीटरही बाहेर आले. तिने सहज पाहिले. पुन्हा पाहिले. चष्मा पुसून पाहिले.

साडेएकतीस.

रेगचा पाठीचा पट्टा दारामागे अडकवलेला होता. जड फ्रीज उचलताना कंबर धरू नये म्हणून तो बांधायचा, तो रुंद पट्टा. हॅनीने डबा माझ्यातून काढला, तो तसूभरही कलू न देता पोटावर आडवा धरला आणि वरून पट्टा आवळला. त्यावर जाकीट, त्यावर रेगचा जाड कोट. मग माझ्यासमोरच्या खुर्चीत ताठ बसली. आडवे होता येत नव्हते. डबा कलला असता. कुशीवर वळता येत नव्हते. झोप आली तर बसल्या-बसल्याच.

संध्याकाळी डॅरिल सूप घेऊन आला. त्याने तिच्या पोटाचा उंचवटा पाहिला, पट्टा पाहिला.

“हॅनी, तू काय कोंबडीसारखी अंड्यांवर खुडूक बसलीस?”

“बसले. हसून घे.”

“हसत नाहीये.” पण तो हसत होता. “मी माझ्या बायकोला सांगितलं तर ती म्हणेल, थांबा, मला कॅमेरा घेऊन येऊ द्या.”

“रेगचं काही कळलं?”

डॅरिलचे हसू गेले. “मदतपथकाच्या वायरलेसवरून विचारायला लावलंय. ऑपरेशन झालं म्हणतात. अजून शुद्धीवर आला नाही. एवढंच कळलं.”

तिने मान हलवली. कोटाच्या आत हात घालून डबा सरळ आहे ना ते पाहिले. डॅरिल गेल्यावर तिची नजर कोपऱ्यातल्या मेबलच्या पेटीकडे गेली. तिथलाही दिवा बंद होता. मेबल थंडीने जड होऊन एका कोपऱ्यात पडली होती. हॅनी खुर्चीतून उठली. पेटीचे झाकण उघडताना तिच्या हातून कडी दोनदा निसटली. तिने उशीचा अभ्रा हाताला मोज्यासारखा घातला, मेबलला त्यात घेतले, अभ्र्याचे तोंड बांधले आणि तो अभ्रा कोटाच्या आत, डब्याला लागून ठेवला.

“तुझीच आहेत,” ती डोळे मिटून म्हणाली. “ये. पण हलू नकोस गं बाई. हललीस तर मी मरेन.”

थोड्या वेळाने अभ्रा हळूहळू सरकला आणि डब्याच्या कडेला वेढा देऊन थांबला. हॅनीचे ओठ पांढरे पडले. पण ती हलली नाही.

किती दिवस ती अशी बसली, ते मला सांगता येणार नाही; माझे घड्याळही विजेवरच चालायचे. ती बॅटरीचा प्रकाश अंड्याच्या सालीला लावून आत पाहायची, हे तंत्र कोंबड्यांचेच. सहा अंड्यांत लाल धाग्यांचे जाळे दिसायचे. उलटलेल्या तिनांत काहीच नीट दिसत नसे. तरी ती तिन्ही डब्यात ठेवायची. “राहू देत,” म्हणायची. “माझ्या अंगाला काही जड नाहीत.” तिचे पाय सुजले. रेगच्या शुद्धीची बातमी येत नव्हती. कधी ती त्याच्याशी भांडायची, “इतकी वर्षं माझ्या ट्यूलिपचे कंद उलटे लावलेस, मी ओरडले का कधी?” आणि मग कोटावरून दोन्ही हातांनी डबा सावरायची.

वीज आली तेव्हा सकाळ होती. माझा पंखा खोकला आणि फिरू लागला. मला आनंदाने ओरडावेसे वाटले. हॅनीने मात्र विश्वास ठेवला नाही. आकडा एकतीसवर येऊन तिथेच थांबला आहे, याची तिने पुन्हा पुन्हा खात्री केली, तेव्हाच पट्टा सोडला.

फोन सुरू झाला तो त्यानंतर. रेगचा आवाज कागदासारखा पातळ झाला होता.

“हॅनी?”

“रेग, तीन उलटी केली मी. तशीच ठेवलीत, परत सरळ नाही केली.”

“बरं केलंस. परत उलटली असतीस तर आणखी बिघडलं असतं.” तो दम खात होता. “भूल देताना तेच डोक्यात होतं. की मी तुझ्यावर ओरडून जातोय. तू कशी आहेस?”

“खुडूक,” ती म्हणाली, आणि हुंदका आवरेना म्हणून फोन माझ्या डोक्यावर ठेवून दिला.

नाताळच्या सुमारास रेग घरी आला तो काठी टेकत, निम्म्या वजनाचा होऊन. दोघे माझ्यासमोर खुर्च्या मांडून बसले. फुली वर असलेल्या सहांपैकी पाच अंड्यांना बारीक चिरा पडल्या आणि ओली, इवलीशी तोंडे बाहेर आली. सहावे अखेरपर्यंत मिटूनच राहिले. उलटलेल्या तिनांपैकी दोन पिवळी पडून खचली होती. हॅनीने ती ट्यूलिपच्या वाफ्यात पुरली.

राहिले एक.

“टाक तेही,” रेग म्हणाला. “बाकीच्यांना दोन दिवस झाले.”

“नाही.”

“अगं, बुडालेलं असतं ते. सगळे तेच सांगतात.”

“सांगू देत. तू शंभर वेळा चुकला आहेस आणि मी तुला टाकलेलं नाही.”

रेगने वाद घातला नाही. त्याच्यात तेवढी ताकद नव्हती. दुसऱ्या दिवशी हॅनीने दार उघडले, तेव्हा त्या अंड्याची साल फाटली होती. फुली खालीच होती, भुशात दबलेली; आणि वरच्या, चुकीच्या बाजूने एक नाक बाहेर आले होते. ते पिल्लू इतरांपेक्षा बारीक होते आणि मानेशी किंचित वाकडे. ते का जगले, हे रेगला सांगता आले नाही, मलाही येत नाही. हॅनीने हाताला अभ्रा न गुंडाळता तळवा पुढे केला. ते तिच्या बोटांत चढले आणि उबेला थांबले.

मित्रांनो, अजून मी मागच्या खोलीतच आहे. मेबल गेली, पण तिची वाकड्या मानेची मुलगी मोठी झाली आहे आणि आता तीही अंडी घालते. माझी घरघर वाढली आहे, पत्र्याला गंज चढला आहे, आणि एखाद्या दिवशी मीही पुन्हा पडवीत जाईन. त्याचे मला वाईट वाटत नाही. तुमच्याकडे एवढेच मागणे आहे: कोणताही जीव घरी आणण्याआधी त्याच्यासाठी घेतलेल्या यंत्रावर विसंबू नका. यंत्र थांबते; मी थांबलो होतो. ते थांबल्यावर तुम्ही काय कराल, ते आधी ठरवा, आणि मगच त्याला घरी आणा.

रेगचा तो पट्टा आता माझ्या दाराच्या मुठीला टांगलेला असतो. दर वसंतात, पहिले अंडे माझ्यात येण्याआधी, हॅनी तो काढते, पोटाला लावते आणि बक्कल बसते की नाही ते पाहून पुन्हा टांगून ठेवते.